तांब्यानं राखलेली अंगठी

वर्गात मी एकच गोष्ट खपवून घेत नसे, ती म्हणजे थाप. अकरावीच्या पोरांनी उत्तर लिहिलंच नाही तरी चालेल, पण ठोकून दिलेलं उत्तर दिसलं की माझं लाल पेन भडकायचं. रत्नागिरीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागून मला दुसरंच वर्ष होतं आणि नुकताच साखरपुडा झाला होता. म्हणजे अक्कल आणि अंगठी दोन्ही मिरवायचं वय.

साल नव्याण्णव. प्रयोगशाळेत आवर्तसारणी शिकवत होते. सोनं कसं खानदानी, हवेला, पाण्याला, साध्या आम्लालाही दाद देत नाही, हे सांगताना हात वर करून माझी अंगठीच दाखवली. तेवढ्यात मागच्या टेबलावरचा थर्मामीटर पडून फुटला आणि पारा फरशीवर पळाला. "कुणी हात लावायचा नाही, विषारी असतो!" असं ओरडून मी स्वतःच खाली बसले आणि कागदावर गोळा करता करता दोन थेंब बोटानं ढकलले. नेमक्या त्याच बोटानं. उठले तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमची अंगठी चांदीची झाली."

वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसले, दुसरं करणार काय? सोन्याचा क्रमांक एकोणऐंशी, पाऱ्याचा ऐंशी. भिंतीवरच्या तक्त्यात दोघं शेजारी शेजारी. एरवी कुणाला उंबऱ्यात उभं न करणारं सोनं या शेजाऱ्याला मात्र थेट घरात घेतं आणि पांढरंफटक होऊन बसतं. हे मला पाठ होतं हो! पण पाठ असून काय उपयोग?

तो बुधवार होता. रविवारी केळशीहून सासरची माणसं याद्या करायला येणार होती, म्हणजे लग्नात कुणी काय करायचं ते ठरवायला. सासूबाईंची नजर तेज. सुनेनं साखरपुड्याची अंगठी महिनाभरात पांढरी करून ठेवली हे त्यांना दिसलं तर लग्नाआधीच माझी शोभा. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"मेल्ये, शिकवतेस तरी काय तिथे?" म्हणत आई अंगठीवर तुटून पडली. आमसूल झालं, रिठा झाला, रांगोळी झाली. मी सांगत होते, "अगं, तो मळ नाहीये, पारा सोन्यात मुरलाय."

"मग तूच सांग त्याला बाहेर यायला," आई म्हणाली.

शेवटी सोनार गाठला. म्हाताऱ्यानं मला लांब उभं केलं, परसात वाऱ्याकडे पाठ करून अंगठी तापवली, पारा उडवला, झिलई दिली. मग सवयीनं कसोटीच्या दगडावर घासून पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बावीस कॅरट सांगितलं होतं का कुणी? तांबं बक्कळ आहे हो ह्यात. म्हणून तर लालसर दिसते."

झालं! इतका वेळ मी चोर होते, आता फिर्यादी झाले. मला फसवतात? रसायनशास्त्राच्या बाईला? तांबं, चांदी, सोनं तक्त्यात एकाच उभ्या रांगेत राहतात, म्हणून काय कुणालाही कुणाच्या जागी खपवायचं? शनिवारभर मी बोलायची वाक्यं घोटून ठेवली.

"लग्न मोडायचंय का तुला?" आईनं विचारलं.

"मोडलं तर मोडलं," मी म्हणाले. म्हणाले खरं, पण मुलगा मला मनापासून आवडला होता.

रविवारी बाहेरच्या खोलीत पुरुषमंडळी जेवायला किती पानं असतील यावरून हमरीतुमरीवर आली, तशा सासूबाई उठून स्वयंपाकघरात माझ्याकडे आल्या. माझा हात हातात घेतला. "काय गो, अंगठी नव्यासारखी दिसते?"

"पारा लागला होता. सोनाराकडून साफ करून आणली," मी म्हणाले. सोनार या शब्दावर चांगला जोर देऊन.

त्यांचा चेहरा उतरला. "काय म्हणाला सोनार?"

घोटलेलं वाक्य अगदी जिभेवर होतं. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं त्यांचा पदर कानावरून सरकला. साखरपुड्यालाही त्यांनी तो असाच घट्ट घेतला होता, मला वाटलं जुन्या वळणाच्या आहेत. कानांत सोनं नव्हतंच. भोकं बुजू नयेत म्हणून केरसुणीच्या हिराच्या दोन काड्या खोचलेल्या होत्या.

"माझ्या कुड्या हलक्या भरल्या गो," त्या पुटपुटल्या. "मोडून अर्धीच अंगठी होत होती. मीच म्हटलं सोनारास, घाल तांबं, पण सुनेची अंगठी भरलेली दिसू दे."

माझी वाक्यं गेली कुठल्या कुठे. लाज वाटली, रडू आलं. ते गिळलं आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "आई, तांबं होतं म्हणून तर वाचली. शुद्ध सोनं असतं तर पाऱ्यानं अख्खी अंगठी खाल्ली असती."

"खरंच? असं असतं तुमच्या शास्त्रात?"

"असतं."

कसलं असतं! पारा तांब्यालाही सोडत नाही. माझ्या पेपरात कुणी असं लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता.

सासूबाईंनी मात्र हा धडा येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला शिकवला. काही वर्षांनी ती पहिल्या बाकावरची मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन आमच्याकडे केळशीला पेढे द्यायला आली. सासूबाईंनी माझा हात ओढून तिला अंगठी दाखवली आणि ऐटीत सांगितलं, "तांब्यानं राखली हो!" त्यांच्या कानांत तोवर नव्या कुड्या आल्या होत्या.

मुलीनं भुवया उंचावल्या. "पण मॅडम, तांबं तर…"

"चहा पी गुपचूप," मी म्हणाले.