हत्तीण, डबी आणि आखाजीच्या तीन लेकी

प्रिय मनू आणि केदार,

परवा फोनवर तुमचं भांडण ऐकलं. जुनी दांडगी अमेरिकन गाडी भारी, की आजची छोटी? मला कुणी विचारलं नाही, पण मी दोन्हींत बसले आहे. शिवाय उद्या आखाजी (अक्षय्य तृतीया), म्हणून आजच लिहिते.

तुमच्या आईची, नलूची, लग्नानंतरची ती पहिली आखाजी. लेकीला माहेरी आणायला मुऱ्हाळी (माहेरचा माणूस) जातो. धुळ्याहून विहीणबाईंचा निरोप होता, "उन्हं उतरायच्या आत आलात तर धाडू, नाहीतर पुढच्या वर्षी." इकडे जळगावला आपल्या अंगणात झोका बांधून तयार होता.

आता जायचं कुठल्या गाडीतून? तुमच्या आजोबांची हत्तीण म्हणजे जुनी अमेरिकन गाडी, लांब नाक, दोनच दारं, आठ सिलिंडर. शरदमामाची नवी गाडी एवढीशी, म्हणून ती डबी.

"नाना, तुमची हत्तीण एरंडोलपर्यंत तरी जाईल का?" मामाने आजोबांना डिवचलं.

"तुझ्या डबीत नलूची ट्रंक बसेल, नलू नाही!"

शेवटी दोन्ही निघाल्या. मी डबीत बसले. गुडघे हनुवटीला लागले, पण पदर जागेवर राहिला. हत्तीण गर्जत पुढे गेली आणि रस्त्यावरच्या बैलांनी माना वळवल्या.

एरंडोलच्या पुढे ती कडुलिंबाखाली वाफ सोडत उभी दिसली. विहिरीवरचा शेतकरी बादली ओतत हसत होता, "आबा, हत्तीले तहान लागेल शे!"

"तुम्ही व्हा पुढे," आजोबा आमच्याकडे न बघता म्हणाले.

पारोळ्याला मामाने भजी घ्यायला गाडी थांबवली. मी उतरू दिलं नाही. धुळ्याच्या अरुंद गल्लीत डबी थेट दारापर्यंत गेली. नलू पिशवी घेऊन उंबऱ्यातच उभी होती. मामाची मान ताठ झाली. तेवढ्यात विहीणबाई बाहेर आल्या. मागे शेजारच्या दोन नव्या सुना, डोळे सुजलेल्या.

"या बी जळगावन्या लेकी. यास्ना मुऱ्हाळी उना (आला) नही. धाडसू तर बठ्ठ्यास्ले (सगळ्यांना), नही तर कोनलेच नही."

"अक्का, पण गाडीत जागा..." मामा पुटपुटला.

"मंग इतलीशी डबी कसाले लयना (कशाला आणली)?"

नलूने पिशवी खाली ठेवली. भिंतीवरचं ऊन उतरू लागलं होतं. मी तोंडातल्या तोंडात रामरक्षा सुरू केली, आणि गल्लीच्या तोंडाशी गर्जना झाली. हत्तीण आत शिरेना. तिघी जणी चपला हातात घेऊन तिच्याकडे पळाल्या.

परतीला मी हत्तिणीत. मागच्या सीटवर तिघी ऐसपैस बसून गाणी म्हणत होत्या. बंद पडेल या धास्तीने आजोबांनी इंजिन एकदाही थांबवलं नाही. डबी पुढे धावायची, विहीर दिसली की मामा डबा भरून रस्त्यात उभा राहायचा. डबीला धाप लागत नव्हती आणि हत्तिणीला तहान आवरत नव्हती. दिवेलागणीला जळगाव आलं. दोघींना घरी पोचवून नलू झोक्यावर बसली, ती जेवायलाही उतरेना.

तेव्हा बाळांनो, दोन्ही गाड्या भारी, पण एकटी एकही नाही.

हत्तीण पुढे भंगारात गेली. डबी मामाने विकली. हत्तिणीची मागची सीट मात्र आजोबांनी काढून घेतली होती. ती आता आपल्या व्हरांड्यात साखळ्यांना टांगलेला झोका आहे. आखाजीला त्या तिघी अजूनही तिच्यावर बसतात.

तुमची आजी