नवऱ्याचे नाव

खालापूर सोडले तेव्हा ऊन चढले होते. कर्जतहून कल्याणची आगगाडी गाठायची होती. दोन्ही अंगांना कापलेली भातखाचरे, मागे सह्याद्रीचा काळा कडा. गाडीवानाने नाचणीची भाकरी आणि वाकटी (सुकी मासळी) पुढे केली, ती मी मिटक्या मारीत खाल्ली.

पुढे एका सरकारी चौकीपाशी बैलगाडीचा आस मोडला. दुसरा मिळेपर्यंत मी आत सावलीला बसलो. तिथे मोरस (मॉरिशस) बेटावरच्या उसाच्या मळ्यांसाठी मजूर नेणारा एक मुकादम माणसे घेऊन आला होता. फसवून कोणाला परमुलखी नेऊ नये, म्हणून अंमलदाराने प्रत्येकाला समक्ष विचारावे, असा सरकारचा कायदा आहे. हे अंमलदार विचारत होतेही, पान चघळत.

पदर ओढून एक तरणी बाई पुढे आली.

"नवऱ्याचं नाव काय गं?"

ती गप्प. आपल्याकडे कोणती बाई ते घेते? अंमलदार हसले. "लाजते," म्हणाले आणि मुकादमाकडे वळले. त्याने बेधडक स्वतःचेच नाव सांगितले.

ती दचकली. "ह्यो माजा दादला (नवरा) नाय. माजा दादला मुंबईला आजारी हाय. त्याच्याकडं नेतो म्हनून ह्यानं मला आनलं."

"मग सांग त्याचं नाव."

तिने पदर आणखी पुढे ओढला. "म्हादू," ती शेवटी म्हणाली. "साजगावचा म्हादू."

मुकादमाने हात जोडले. "रावसाहेब, कुंकवाच्या धन्याचं नाव कुनी बाई चारचौघांत घेते का? तिचा यार असंल कुनी."

अंमलदारांनी मान डोलावली. मघाशी गप्प राहिली म्हणून त्याची बायको, आता बोलली म्हणून बदफैली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साजगावला माणूस धाडा म्हणून मी भांडलो.

"तुम्ही वाटसरू, आपल्या वाटेने जा," एवढेच उत्तर मिळाले.

कर्जतला तिला माझ्या पुढच्याच डब्यात कोंबले. तिथून ती म्हादूच्या नावाने हाका मारत होती. एकदा तोंडातून निघालेले नाव तिने सोडले नाही. कल्याणला मी उतरलो, गाडी मुंबईकडे गेली.

घरी पत्नीने पायांवर पाणी घातले. विचारले, "फार दमलात का?"

"माझं नाव घे," मी म्हणालो.

"इश्श, भलतंच काय."

"घे म्हणतो ना."

ती पदर तोंडाला लावून हसत आत पळाली. मी अंगणात ओल्या पायांनी उभा होतो, आणि मला धडकी भरली होती.