मेल नाही म्हणजे सगळं ठीक

स्नेहाच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पोर निमगाव साव्याची, शिकली पुण्यात, आणि लॉकडाऊनात घरी आली ती माडीवर टेबल टाकून कायमचीच बसली. कंपनीचं काम उरकलं की तिचं आणखी एक बिनपगारी काम असायचं. संगणकाला काम सांगायच्या भाषा असतात ना, त्यातली एक जगभरची हौशी माणसं मिळून सांभाळतात. त्या भाषेत काय ठेवायचं नि काय काढायचं, यावर ही तावातावानं भांडायची. आई, द्रौपदाबाई, म्हणायची, "भाज बाई, भाज लष्कराच्या भाकऱ्या."

यंदाचं भांडण मेलवरून होतं. मेल पाठवायची सोय त्या भाषेच्या गाभ्यातच होती, भाषा घेतली की आपोआप हाताशी. स्नेहाचं म्हणणं, ती सोय जुनाट झालीय, कुणी निगा राखत नाही, काढून टाका. ज्याला मेल पाठवायचा त्यानं बाहेरची चांगली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेली तयार सोय, आणून जोडावी. दाखलाही तिनं घरचाच दिला. चौदा एप्रिलला आमच्या अख्ख्या आळीत पुरणपोळ्या होतात, पण पुरणयंत्र एकट्या नूतनकाकीकडं. मीठ घरात हवं, पुरणयंत्र मागून आणलं तरी भागतं! सगळ्यांना पटलं. ब्राझीलचा एक म्हातारा तेवढा अडून बसला. त्यानं लिहिलं, "कुठंतरी एखादा जुना प्रोग्रॅम मुकाट काम करत असेल. वर्षानुवर्षं त्याच्याकडं कुणी बघितलं नसेल. त्याला कोण सांगणार?"

स्नेहानं ताडकन उत्तर दिलं, "असा एक तरी दाखवा."

मेलची सोय गाभ्यातून गेली.

आता गावाबाहेर तिच्या वडलांचं, पोपटरावांचं, पोल्ट्रीचं शेड. आत पाच हजार पक्षी. उन्हाळ्यात वीज जाऊन पंखे थांबले की अर्ध्या तासात खेळ खलास. म्हणून सहा वर्षांपूर्वी शेडातल्या जुन्या संगणकावर स्नेहानंच त्याच भाषेत एक प्रोग्रॅम लिहून बसवला होता. उष्मा चढला की बापलेकीच्या फोनवर मेल यायचा नि भोंग्यासारखा आवाज व्हायचा. मेलच का? तर पोपटरावांचा फोन दिवसभर ग्रुपांनी कोकलत असतो, मेल मात्र त्यांना दुसऱ्या कुणाचा येतच नाही. भोंगा वाजला की पळत जायचं नि जनरेटर चालू करायचा. "मेल नाय म्हंजे समदं ठीक," असं ते पावण्यारावळ्यांना छाती फुगवून सांगायचे.

मार्चअखेर स्नेहानं तो संगणक झाडलापुसला नि हौसेनं भाषेची नवी आवृत्तीही टाकली. पडद्यावर तापमानाचे आकडे सरकत होते. छान चाललंय म्हणाली नि घरी आली.

एप्रिलात एका दुपारी पोपटराव ओतूरला साखरपुड्याला निघाले. "ध्यान ठिवशील ना गं?"

"मेल येईल की, आप्पा!"

माडीवर इन्व्हर्टर, कानावर हेडफोन. वीज कधी गेली, तिला पत्ताच नाही. फोन शेजारी गप्प पडला होता. मग गवताला गेलेली आई अनवाणीच जिना चढून आली. "स्नेहा, पंखं बंद हायेत गं. पक्षी आवाजच करीनात."

स्नेहा धावली. शेडाचं दार तिनं ढकललं. जिथं शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, तिथं चिडीचूप. पाण्याच्या नळीखाली पांढरा ढीग, भिंतीच्या कडेनं ढीग, जाळीला चोची लावून ढीग. तिनं एक पक्षी उचलला, त्याची मान हातातून लोंबली. अजून गरम होता.

कोपऱ्यात बॅटरीवर संगणक चालूच होता. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. शेवटी एकच ओळ: मेल पाठवायची सोय सापडली नाही. तिनं ती ओळ चार वेळा वाचली. अगं बाई, हे मीच काढलं! मीच भांडून काढलं!

पोपटराव आले. शेडात नजर टाकली नि खाली बसले. मग त्यांनी खिशातला फोन काढून लेकीपुढं धरला. "म्या धा डाव बघितलं गं. मेल आला न्हाई. त्या टावरचंच कायतरी आसल. तुजं मशीन लई इमानदार हाय."

रडत रडत स्नेहानं सगळं सांगितलं. पुरणयंत्राचंसुद्धा सांगितलं.

आई म्हणाली, "नूतननं यंत्र मोडीत घालायचं ठरवलं, तर आदी आळीत घरोघरी सांगून यील. आन तू सोताच्या घरात बी न्हाई बघितलंस?"

पक्षी पुरलेल्या खड्ड्यावर माती ओढून झाल्यावर स्नेहा माडीवर गेली. ते जुनं भांडण उघडलं. "असा एक तरी दाखवा," हे तिचं वाक्य अजून तिथंच होतं. त्याच्याखाली तिनं लिहिलं, "निमगाव सावा, तालुका जुन्नर. पाच हजार पक्षी होते. प्रोग्रॅम माझाच होता."