हरकत नसल्याचा कागद

शारजातल्या ज्या खासगी दवाखान्यात मी एक्सरे काढायचे, तिथल्या मॅनेजरने मला एक दिवस मोठ्या प्रेमाने सुट्टी दिली. मी ती मागितलीही नव्हती.

"तुमच्या व्हिसाची मुदत संपत आलीय, वाढवायला टाकलाय," तो म्हणाला. "तोवर घरी जाऊन या. फार तर दोन आठवडे. आम्ही फोन करतो."

एवढं प्रेम पाहूनच मला शंका यायला हवी होती. मी मात्र दुधाची पावडर आणि बामच्या बाटल्या भरून तंजावरला आले.

माझा नवरा इथल्याच कॉलेजात शिकवायचा. नोकरी सरकारी, कायमची. आपली नोकरी जाईल अशी भीती त्याला कधीच वाटली नव्हती, त्यामुळे माझी जायची वेळ आली तेव्हा तो अत्यंत शांत होता. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतली माणसं मात्र तशी नव्हती. दोन आठवडे उलटले तशी दारादारातून विचारणा सुरू झाली, "कधी निघणार?" आधी मराठीत, मग मला नीट कळलं नसेल म्हणून तमिळमध्ये.

फोन करायला मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जायचे. बूथचं काचेचं दार लागत नसे. त्यामुळे माझ्या व्हिसाची बातमी मी घरी पोचायच्या आत घरी पोचलेली असायची. बूथवाला तर या विषयातला तज्ज्ञच झाला होता.

"अक्का, 'काम चालू आहे' म्हणाले ना? म्हणजे फाईल अजून उघडलेलीच नाही," असं तो मला समजावून सांगायचा. वाईट याचं वाटायचं, की त्याचं बरोबर निघायचं.

तेवढ्यात शारजातल्याच एका मोठ्या इस्पितळात माझ्या नर्स मैत्रिणीने माझं नाव सुचवलं. ते मला घ्यायला तयार होते. अट एकच, जुन्या मालकाचा ना-हरकत कागद हवा. तो नसेल तर त्या देशात मला बराच काळ पाऊल ठेवता येणार नव्हतं. मी पुन्हा बूथवर गेले.

"सर, माझा व्हिसा वाढवताय का?"

"बघतोय, मॅडम."

"नसेल जमत तर ना-हरकत द्या. मी दुसरीकडे जाते."

"असं कसं? तुम्ही आमच्या घरच्या आहात."

"मग घरी बोलवा."

"तेच तर बघतोय."

म्हणजे मी ठेवून घेण्याजोगी नव्हते आणि सोडण्याजोगीही नव्हते. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या एका आजोबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांनाही सगळं ऐकू गेलं होतं.

त्या काळात गावात नवीन स्कॅन सेंटरं निघत होती. परदेशी मशिनं येत होती, हार घातले जात होते. ती चालवायची कुणी, हा प्रश्न उद्घाटनानंतर सुचायचा. अशाच एका डॉक्टरांनी मला ठेवून घेतलं आणि माझी मूळ सर्टिफिकेटं 'सांभाळून ठेवायला' मागितली. एका मालकाकडून एवढं शिकल्यावर मी काय करावं? दिली.

पुढे मैत्रिणीचा फोन आला. व्हिसा वाढवायचं राहू द्या, त्या जुन्या दवाखान्याने स्वतःचा परवानाच वाढवून घेतला नव्हता. तो बंद पडला आणि मॅनेजर आपल्या गावी निघून गेला. हरकत घेणारंच कुणी उरलं नाही म्हटल्यावर नव्या इस्पितळाने माझा व्हिसा काढला. त्याचा फॅक्स बूथवर आला. तो बूथवाल्याने आधी वाचला, मग गल्लीने, मग मी.

मी डॉक्टरांकडे सर्टिफिकेटं मागायला गेले. "नवीन मुलगी मिळाली की देतो," ते म्हणाले. मग रोज उद्या. नवऱ्याने सल्ला दिला, "रीतसर अर्ज कर."

सासूबाईंनी अर्ज केला नाही. "बाईमाणसानं समुद्रापलीकडे कसाला जायचं?" हे त्या पहिल्या दिवसापासून म्हणत आल्या होत्या. एका सकाळी त्या नऊवारी नेसून स्कॅन सेंटरात आल्या आणि पेशंटांच्या मधोमध बसल्या. मी आत मशीनपाशी होते. दाराआडून त्यांचं खणखणीत तमिळ ऐकू आलं.

"आत आहे ती माझी सून. आज तिचा शेवटचा दिवस. उद्यापासून मशीन डॉक्टर स्वतः चालवणार."

"त्यांना येतं?" कुणीतरी विचारलं.

"शिकताहेत हळूहळू. देव आहे."

दोघंजण उठून चपला शोधू लागले. थोड्याच वेळात डॉक्टर स्वतः सर्टिफिकेटं घेऊन बाहेर आले आणि त्यांनी सासूबाईंना कॉफी घेणार का, असंही विचारलं. त्यांनी घेतली.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "पण मी जावं असं तर तुम्हाला वाटत नव्हतं."

"अजूनही नाहीच वाटत," त्या म्हणाल्या. "म्हणून त्यानं कसाला अडवायचं? अडवायला मी आहे ना घरात."

अडवलं मात्र नाही. तिरुचीच्या विमानतळावर माझी बॅग उचलायला त्यांनी मुलाला फर्मावलं, मला कुंकू लावलं आणि गर्दीकडे तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मी आत गेले. डोळे पुसून होईपर्यंत माझा नंबर आला. काउंटरवरच्या माणसाने व्हिसाचा कागद उलटासुलटा करून पाहिला.

"नवीन नोकरी?"

"हो," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि शिक्का मारला.