पिकअपवरची झडती

अमडापूरच्या शेषरावांना राग सहसा येत नसे. पण एकदा आला की तो पाहुण्यासारखा राहत नसे, घरजावयासारखा राही. यंदा तो आला एका गाडीपायी.

दोन एकरांत सांबार आणि मेथी पिकवणारा हा माणूस. आपली हिरवीगार कोथिंबीर, तिला वऱ्हाडात सांबार म्हणतात. जन्मभर शेषरावांनी ती आधी सायकलवरून आणि मग दुसऱ्यांच्या टेम्पोतून बाजारात नेली. साठीला टेकल्यावर स्वतःची गाडी घेतली, तीही साधीसुधी नाही. प्लग-इन हायब्रीड पिकअप! रात्री प्लगला लावायची, साठेक किलोमीटर बॅटरीवर धावते. बॅटरी संपली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू. म्हणजे एका अंगात दोन जीव.

विकली ती गावच्याच गजेंद्रने. पाटलाच्या घरातला, चाळिशीचा. बापाच्या शेतीवर न बसता खामगावात शोरूम उभं केलेला. त्याचं ते कर्तृत्व नाकारून चालायचं नाही. किल्ली हातात देताना तो म्हणाला होता, "काका, पेट्रोल वापरूच नका. टाकीत आहे ते पडून राहू द्या. रोज चार्ज करा अन् चिखलीचा बाजार गाठा."

शेषरावांनी ते गुरुमंत्रासारखं पाळलं. दहा महिने चिखलीला येणं-जाणं फक्त बॅटरीवर. इंजिनचा आवाज कसा असतो, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

ज्येष्ठात चिखलीत सांबाराला कुणी विचारेना. शेषरावांनी माल भरून अकोल्याची वाट धरली. खामगाव मागे पडलं, बाळापूर समोर दिसू लागलं आणि बॅटरी संपली. इंजिन तीनदा खोकलं आणि गप्प झालं. समोर लाल दिवा पेटला. भर दुपारी, डांबरी रस्त्यावर, शेषरावांच्या डोळ्यांदेखत सांबाराने माना टाकल्या.

गाडी ओढून शोरूमला नेली तेव्हा तिथे सात-आठ गिऱ्हाईकं बसली होती. गजेंद्रने पुस्तिका उघडून सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"काका, इथं साफ लिहिलंय. महिन्यातून एकदा इंजिन चालवा. तुम्ही चालवलं नाही. वॉरंटीत बसत नाही."

"अरे, तूच तर सांगतलं का पेट्रोल वापरू नका!"

"मी? मी काऊन सांगीन असं?" गजेंद्र गिऱ्हाइकांकडे वळून हसला. "खेड्यातल्या माणसाले नवी गाडी देणं म्हणजे पाह्यता ना तुम्ही!"

गिऱ्हाईकं हसली. दुरुस्तीच्या जॉबकार्डावर शेरा पडला: 'मालकाचा हलगर्जीपणा.'

गाडी शेषरावांच्या अंगणात येऊन उभी राहिली. एसटी डेपोतून निवृत्त झालेले वामनराव मेकॅनिक आले, टाकीचं झाकण काढून त्यांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. "पेट्रोल सडलं, शेषराव. रंगाऱ्याच्या जुन्या डब्यासारखा वास मारून राह्यलं. इंजेक्टर चिकटले असतीन. दुरुस्ती होते, पण चूक सांगणाऱ्याची, तुमची नाही."

"दुरुस्तीचं मागून पाहू," शेषराव म्हणाले. "मले त्याच्या तोंडून वदवायचं हाय. चारचौघांत. जसा तो चारचौघांत हसला तसं."

"तो काऊन कबूल करीन?"

"पोळा येऊन राह्यला ना!"

बायको रुखमाबाई म्हणाली, "गाडी बैलायले जुंपून न्या मंग तोरणाखाली. पाहू दे गावाले."

"पोळ्याले बैलाच्या मानेवर जू देत असतात का? बैलाचा काय गुन्हा?"

पोळ्याच्या दिवशी वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण लागतं, सजवलेल्या जोड्या त्याखाली उभ्या राहतात आणि झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे खड्या आवाजात फेकलेलं टोमण्याचं कवन. ज्याच्यावर ती पडली त्याने उलट उत्तर द्यायचं. गप्प राहिला तो हरला. मानाची जोडी गजेंद्रच्या घरची. तो फेटा बांधून अगदी पुढे उभा होता.

शेषराव पंधरा दिवस सांबाराच्या वाफ्यात पुटपुटत होते. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, छाती भरून श्वास घेतला आणि शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल असा सूर लावला:

"काचेचं दुकान, कोटावर कोट,
गाडी विके गजेंद्र, छापे नोटावर नोट!
करंट का पेट्रोल, पुसलं त्याले काही,
तोंडात गुळणी, सांगतलंच नाही!
बोला, हर हर महादेव!"

"महादेव!" अख्खी वेस गरजली. हशा उसळला. "अबे गजेंद्र, तुले काहीच येत नाही का बे गाडीतलं?" कुणीतरी ओरडलं.

गजेंद्रचे कान लाल झाले. हजार माणसांत अडाणी ठरणं त्याला सोसवेना. "सांगतलं नाही? खोटं बोलून राह्यले काका! मी किल्ली देतानाच सांगतलं, पेट्रोल वापरूच नका, नुसत्या चार्जिंगवर चालवा! सगळ्या गिऱ्हाइकायले मी हेच सांगतो!"

शेषरावांनी वामनरावांकडे पाहिलं.

वामनरावांनी आवाज चढवला. "सगळ्यायले सांगतो? म्हंजे शेषराव खरं बोलत होते. अन् जॉबकार्डावर हलगर्जीपणा कोणाचा लिहिला बे?"

गर्दीतून हिंमतराव पुढे आले. सहा महिन्यांपूर्वी त्यांनीही तीच गाडी घेतली होती. "माह्या टाकीतलं पेट्रोलही सडलं असीन मंग?" गजेंद्रने फेटा उतरवून काखेत मारला. झडती तो हरला होता. त्या वर्षी मानाची जोडी तोरणाखालून मान खाली घालून गेली, असं लोक म्हणतात. बैलांची मान मात्र ताठ होती, हे सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजेंद्र गाडी न्यायला स्वतः आला. नव्या जॉबकार्डावर त्याने लिहून आणलं होतं: 'शोरूमची चुकीची सूचना. दुरुस्ती वॉरंटीत.' रुखमाबाईने चुलीवर आधण ठेवलेलं पाहून शेषराव म्हणाले, "चहा राहू दे."

वऱ्हाडात दारी आलेल्याला चहा नाकारणं म्हणजे काय, ते गजेंद्रला कळलं. तो उभाच राहिला.

"काका, आता तरी गेला ना राग?"

"गाडी चालू कर. मंग त्या दिवशी जे हसले, त्यायच्यासमोर तुह्या शोरूममध्ये हेच वाचून दाखव."

"ती गिऱ्हाईकं आता कुठून आणू मी?"

"तुहं तू पाह्य," शेषराव म्हणाले आणि विळा घेऊन वाफ्याकडे चालू लागले.