शुक्रवारचा निरंक

जेवण झाल्यावर आनंदा चौगुले जनावरांच्या दवाखान्यातल्या लाकडी बाकावर पाठ टेकतो. तालुक्याहून खोत क्लार्कचा फोन दोनदा येऊन गेलाय. "चौगुले, आठवड्याचा रोगाचा अहवाल कुठंय? चारला बंद होतंय. निरंक टाकू का?"

निरंक म्हणजे काही नाही. गावात रोग नाही, लक्षणं नाहीत, सगळं ठीक. आनंदानं दोन्ही वेळा "थांबा, पाठवतो" म्हटलंय. कागद टेबलावर मोकळाच पडलाय आणि आनंदा वैतागलाय. खोतवर वैतागलाय, दरवेळी नवा ओटीपी मागणाऱ्या त्या अ‍ॅपवर वैतागलाय. आणि सगळ्यात जास्त बायकोवर, मालनवर. सात महिन्यांपूर्वी भाकरी थापता थापता ती एका बाजूला कलली आणि परत उठलीच नाही.

वीज जाते. पंखा मंद होत होत पाती मोजता येतील इतका सावकाश फिरतो. आनंदा मोजतो. पंख्याला पाती तीनच आहेत हे त्याला माहीत आहे, तरी चार भरतात.

"झोपलासा व्हय?"

औषधांच्या कपाटाशी मालन उभी आहे. खांद्याला तीच पिशवी. ती गावची आशाताई होती. कुणाच्या घरी ताप आहे, कुणाच्या पोराची लस राहिलीय, हे बघत दारोदार फिरायची.

"झोपलो न्हाई. पाठ टेकलीय."

"त्यालाच झोप म्हणत्यात."

ती गेलेली आहे हे आनंदाला पक्कं ठाऊक आहे. त्याचं त्याला काही वाटत नाही. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा.

"सात म्हयनं कुठं हुतीस?"

"मला कामं कमी हायत व्हय?" ती टेबलावरचा कागद उचलते. "ह्यो मोकळा का?"

"लिवतोय की."

"कवा? चार वाजत आल्यात. चला, जेवाय वाढते, मग बोलू."

"जेवलोय मी."

"काय?"

"भात."

"आणि?"

"भातच."

ती तोंड वाकडं करते. कपाटाचं दार उघडते आणि आत त्यांचं स्वयंपाकघर आहे. चूल पेटलेली आहे, दोन ताटं मांडलेली आहेत. आनंदा वाकून आत शिरतो, कपाटातून घरात शिरायची सवयच असल्यासारखा.

संध्याकाळी ह्याच ताटांवर ते दोघं गाव मोजायचे. आनंदा गोठे सांगायचा, मालन घरं सांगायची. त्याचा कागद जनावरांच्या ऑफिसात जायचा, तिचा आरोग्य केंद्रात. दोन्ही ऑफिसं तालुक्याला एकाच रस्त्यावर आहेत, पण ते कागद एकमेकांना कधी भेटायचे नाहीत. भेटायचे ते इथंच. चार वर्षांपूर्वी तो सहज म्हणाला होता, वरच्या आळीत म्हशींच्या सडांवर फोड आलेत. हातातला घास तसाच ठेवून ती म्हणाली होती, "वरच्या आळीत? तितल्या दोघींच्या हातावर फोड हायत." आठ दिवसांत पुण्याहून माणसं आली, खपल्या बाटल्यांत घालून घेऊन गेली. म्हशींची देवी निघाली. धारा काढणाऱ्या सहा जणींना झाली होती.

"अनुसयाच्या गोठ्यात काय बघितलासा?" भाकरी वाढत मालन विचारते. अनुसया तिची धाकटी बहीण.

आनंदा ताटाकडं बघतो. "दोन म्हशी. सडांवर फोड."

"कवा?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार हाय."

"मला कळतंय आज काय हाय ते! ती म्हणाली, दाजी, लिवू नगासा, डेअरीत आमचं दूध घ्याचं बंद हुईल. तुझी भण हाय म्हणून ऐकलं मी."

"माजी भण हाय म्हणून तर आदी लिवाय पायजे हुतं!"

"त्यानं म्हस मरत न्हाई. पंधरा दिसांत खपल्या पडत्यात."

"म्हशीचं इच्यारलं का मी? माणसांचं काय?"

"माणसं तुज्याकडं हुती."

"मी मेले."

"म्हाईत हाय मला!"

तो एवढ्या मोठ्यानं ओरडतो की शेजारची म्हैस मान वळवून बघते. ते अनुसयाच्या गोठ्यात बसलेत. ताटं शेणानं सारवलेल्या जमिनीवर आहेत आणि म्हशी रवंथ करत दोघांचं भांडण ऐकताहेत.

"वरडू नगासा, पान्हा चोरल ती," मालन म्हणते. "आता नीट आठवून सांगा. सोमवारी अनुसयानं च्या दिला?"

"दिला की."

"कुठल्या हातानं?"

"हे काय इच्यारनं झालं?"

"कुठल्या हातानं?"

तोवर अनुसया घरातून बाहेर येतेच. सोमवारसारखीच. कपबशी पुढं करते. बशीत चहा सांडलाय, कारण कप डाव्या हातात आहे. उजवा हात पदराखाली. आनंदानं तेव्हाही हे बघितलं होतं आणि गडबडीत असेल म्हणून सोडून दिलं होतं. तीस वर्षं तिच्या हातचा चहा तो पितोय. दाजीला डाव्या हातानं कप द्यायची ही बाई नव्हे.

"डाव्या," तो म्हणतो.

"आणि धार कोण काढत हुतं?"

"सून."

"का?"

आनंदा मान वळवतो. गोठ्याच्या कोपऱ्यात सून बसलीय. चरवी गुडघ्यात धरून धार काढतेय. धार संपते, ती हात पदराला पुसते आणि झोळीतलं सहा महिन्यांचं पोर उचलून छातीशी घेते. त्याचं तोंड त्याच हातानं पुसते.

"थांब, आदी हात धू," आनंदा सांगायला जातो. सून पोराचे डोळे पुसते. तो उठायला बघतो. पुढं रांग आहे. शाळेच्या व्हरांड्यात पोलिओच्या डोसाची रांग लागलीय. माणसं आहेत, पोरं आहेत, मधूनमधून म्हशी आहेत आणि सगळे गप उभे आहेत. टेबलामागं मालन बसलीय. डोस दिला की ती पोराच्या करंगळीच्या नखावर मार्करनं खूण करते, म्हणजे कोण राहिलं, कोण झालं, ते कळतं. आनंदा रांग मोडून पुढं घुसतो.

"डावी करंगळी," ती मान वर न करता म्हणते.

"मी काय पोर हाय?"

"पोरं बरी. इच्यारलं की रडत्यात तरी. तुमी? जेवलासा का, तर व्हय. बरं हाय का, तर बरं हाय. सात म्हयनं आपल्या पोरीच्या फोनला निस्तं निरंक. हात आणा."

तो हात पुढं करतो. तिची बोटं थंड नाहीत, गरमही नाहीत. दुपारी धुऊन ठेवलेल्या भांड्यासारखी आहेत. ती नखावर मार्कर घट्ट दाबून फिरवते.

"लई रागावलीयास?" तो विचारतो.

"लई."

"मग अजून जरा बस की रागावत."

ती पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघते. काहीतरी बोलणार असते. पण टेबलावरचा फोन वाजायला लागतो. ती मार्करला टोपण लावते. "घ्या. तुमचाच हाय."

"चौगुले!" खोत ओरडतोय. "पाच मिनिटं राहिली. निरंक टाकतो बघा."

आनंदा बाकावर उठून बसलाय. वीज आलीय, पंखा गरगर फिरतोय. "टाकू नका," तो म्हणतो. "दोन म्हशी लिवा. सडांवर फोड. देवीचा संशय."

"आता पाच मिनिटांत? बरं. आणखी काय?"

"माणसांत बी असणार."

"माणसांचा रकाना आपल्यात नसतो."

"मग खाली लिवा कुठंतरी."

"खाली जागा नाही हो, अ‍ॅप आहे ते!"

"ऱ्हाऊ द्या. आरोग्य केंद्राला मीच सांगतो. आदी बघून येतो."

फोन ठेवताना त्याला ते दिसतं. डाव्या करंगळीचं नख जांभळं-काळं झालंय. कडेच्या कातडीवरही थोडं ओघळलंय. तो थुंकी लावून चोळतो. विहिरीवर जाऊन साबणानं चोळतो. जात नाही. मग सायकल काढतो.

अनुसया दारात जोंधळे निवडत बसलीय. एका हातानं. "दाजी, आज कुठं वाट चुकलासा? बसा, च्या ठेवते."

"च्या नगं. हात दाखव."

"माज्या हाताला काय झालंय?"

"दाखव म्हणतोय न्हवं?"

"तुमी जनावरांचं डाक्टर. मी काय म्हस हाय व्हय?" ती हसून घेते, उजवा हात पदरात आणखी आत सरकवते. हे बोलणं मालनचं काम होतं. तो नुसताच हात पुढं करून उभा राहतो. अनुसयाची नजर त्या हातावर जाते.

"आता गं बया! ह्ये काय वो? पोलिओचा डोस घेतलासा? ह्या वयात?" ती खरंच हसते, पार डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "अक्का असती तर गावभर सांगत फिरली असती. बघू, बघू!"

आणि नीट बघायला म्हणून ती त्याची करंगळी धरते. उजव्या हातानं.

तिच्या अंगठ्याच्या बुडाशी तीन फोड आहेत. मधे खळगा, भोवती लाल कडं. एक फुटलाय. आनंदा ते बघतो. तो काय बघतोय ते तिला दिसतं, आणि तिचं हसणं थांबतं. हात मागं घ्यायला जाते, पण तो मनगट धरून ठेवतो.

घरात पोर कुरकुरतं. सून त्याला झोका देते. अनुसया तिकडं बघते, मग पुन्हा त्या जांभळ्या नखाकडं.

"त्याच्या बी ओठाला एक आलाय, दाजी," ती म्हणते. "कालधरनं."