पुतळीचा पदर

काल सकाळी लोणखेड्यात दुकानाचं शटर वर केलं आणि ठरवूनच टाकलं... आज पुतळीची साडी बदलायची म्हणजे बदलायची.

हसू नका. साड्यांच्या दुकानदाराला साडी बदलायला मुहूर्त लागतो का, असं वाटेल तुम्हाला. पण पुतळीच्या अंगावरची ती मोरपंखी साडी माझ्या बायकोनं, रंजननं, नेसवलेली होती. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यायचं होतं. "आल्यावर बदलते," म्हणाली... आली नाही.

त्याला आता आठ महिने झाले.

आमचं दुकान केवढंसं. मधे उभं राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. पण मांडणी सगळी रंजनची. मी सुरतहून माल आणायचो आणि गल्ल्यावर बसून सल्ले द्यायचो, जे ती कधी ऐकायची नाही.

माझं म्हणणं असायचं, आणलंय ना एवढं, मग टांगा की सगळं बाहेर! ती म्हणायची, सगळंच रस्त्यावर दिसलं तर बाई पायरी कशाला चढेल? एकच साडी पूर्ण उघडायची, बाकीच्यांचे नुसते काठ दिसू द्यायचे. पुतळीच्या कपाळाचा टवका उडालाय, तिथं बरोबर मोठी टिकली. आणि दर आठवड्याला पुतळीला नवी साडी.

साडी नेसवताना मला मात्र दुकानात थांबायची परवानगी नसे. "बाईमाणूस कपडे बदलतंय, जा तिकडं चहा प्या," म्हणून पिटाळायची. त्यामुळे साडी विकण्यात जन्म गेला तरी नेसवायची कशी, ते काही मला आलं नाही.

आठ महिन्यांत उन्हानं मोरपंखी साडीची एक बाजू पार विटली. मुलगी पुण्याहून फोनवर ओरडते, "पप्पा, पुतळी तरी आत घ्या!" परवा तर एका गिऱ्हाइकानं सरळ विचारलं, दुकान बंद करताय का... त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कारण लग्नसराई तोंडावर आलीय, आणि दुकान बसलं तर मी दिवसभर बोलणार कोणाशी? घरी टीव्ही आणि मी. खरं सांगतो, फार एकटा पडलोय. दुकानात निदान "दादा, यात दुसरा रंग दाखवा," एवढं तरी कोणी म्हणतं.

तर... पिना काढायला घेतल्या. एकेक काढताना वाटत होतं, हिनं लावलेली ही पीन परत लागायची नाही. दोनदा हात मागे घेतला.

कमरेपाशी बोटांना काहीतरी जाड लागलं. बघतो तर काय, माझा निळ्या चौकड्यांचा टॉवेल! दोन वर्षांपूर्वी हरवलेला. त्यावरून घरात केवढं रामायण झालं होतं... "मला काय माहीत तुमचा टॉवेल," असं तोंड वर करून म्हणाली होती ही बाई. पुतळीची कंबर बारीक, निऱ्या नीट बसाव्यात म्हणून तिनं तो तिथं गुंडाळून टाकलेला.

मी एकटाच मोठ्यांदा हसलो. मग रडू आलं. समोरचा चहावाला बघत होता... बघू दे.

टॉवेल तिथंच राहू दिला. वरून डाळिंबी रंगाची नवी साडी घेतली, फोनवर व्हिडिओ लावला आणि निऱ्या घालायला बसलो. तीनदा सुटल्या. चौथ्यांदा कशाबशा बसल्या. पदरासाठी मात्र व्हिडिओ बघावा लागला नाही, तो झटक्यात घेतला.

रस्त्यावर जाऊन लांबून बघितलं. काहीतरी चुकलंय असं सारखं वाटत होतं, पण काय ते कळेना.

तेवढ्यात मंगलाताई आल्या. आमचं जुनं गिऱ्हाईक, रंजनशी तासन् तास गप्पा मारायच्या. आल्या होत्या ब्लाऊजपीस घ्यायला, पण पायरीवरच थबकल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हाऊ तं वहिनीना पदर शे!"

वहिनीचा पदर! तेव्हा कुठं मला दिसलं. रंजन व्याऱ्याची, गुजरातेतली. पदर कायम उजव्या खांद्यावरून पुढं. सत्तावीस वर्षं मी तिला चिडवलं, अगं तुझा पदर चुकीच्या खांद्यावर आहे म्हणून. पुतळीला मात्र ती डाव्या खांद्यावरच पदर द्यायची, गिऱ्हाईक इथलं आहे म्हणून. व्हिडिओतली बाईसुद्धा डावा खांदाच दाखवत होती... आणि मी रोज घरात बघितलेला पदर घेऊन मोकळा झालो होतो.

"नीट करी देऊ का?" मंगलाताईंनी विचारलं. मी नको म्हटलं. मग त्यांनी वाकून पदराचं टोक तेवढं सारखं केलं, एक पीन लावली आणि बराच वेळ स्टुलावर बसून राहिल्या. ब्लाऊजपीस घ्यायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

मंगलाताई काही फेसबुकवर नाहीत, तरी इथं लिहितो... फार उपकार झाले तुमचे. आठ महिन्यांत माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला तरी ती दुकानात दिसली.

पुढच्या आठवड्यात साडी पुन्हा बदलायची आहे. निऱ्यांचं काय होईल ते होवो... पदर मला येतो.